अठ्ठाविसावा आठवडा कोणी मोडला

सीडर कोव्ह रिसॉर्ट, टेबल रॉक तळं, मिझुरी
शुक्रवार, १७ जुलै २००९

प्रिय शेल्बी,

तुझं कार्ड मिळालं. चेरी तोडायला माणूस मॉन्टानापर्यंत जातो हे मला माहीत नव्हतं, आणि झोपतेस कुठे हे तू याही वेळी लिहिलेलं नाहीस. हे पत्र तिथल्या पोस्टात तुझ्या नावानं ठेवायला सांगते आहे. जाऊन घेऊन ये.

इथे सगळं नेहमीसारखं. आमचं बाविसावं वर्ष, मिलोकाका गेल्यापासूनचं माझं तिसरं. बाराच्या बारा घरं आली आहेत. ज्यांनी इथली खोली दर वर्षी अठ्ठाविसाव्या आठवड्यापुरती विकत घेतली आहे तेवढेच आम्ही, म्हणून इथले नोकर आम्हाला 'अठ्ठावीसवाले' म्हणतात. उरलेलं वर्षभर कोणी कोणाला भेटत नाही, नाताळात कार्ड तेवढं जातं. पण मिलो गेला तेव्हा लॉर्ना ब्रुन्स आयोवातून एकटी गाडी चालवत आली होती आणि माझ्या स्वयंपाकघरात तीन दिवस उभी होती. माझी सख्खी बहीण फुलं पाठवून मोकळी झाली.

एक नवीन गोष्ट सांगायची आहे. दर वर्षी मालकांसाठी एक फुकट नाश्ता असतो, रोज थोड्या घरांना बोलावतात. काका खाऊन घ्यायचा, मान हलवायचा आणि उठायचा. मागची दोन वर्षं मी गेलेच नाही, आज सकाळी एकटी जाऊन बसले. ट्रेंट नावाचा मुलगा होता, तुझ्याच वयाचा, फार नम्र. माझं ताट त्यानं उचलून आणलं. मग त्यानं कागदावर हिशोब मांडून दाखवला. हॉटेलची खोली रात्रीला एकशेसाठ डॉलर धरली, दर वर्षी भाडं वाढणार, तीस वर्षांत साठ हजारांच्या वर जातात. त्याऐवजी मी माझा जुना आठवडा कंपनीला देऊन पॉइंट घेतले तर मला हव्या त्या वेळी, हव्या त्या ठिकाणी जाता येईल. वर नऊ हजार चारशे भरायचे. मी म्हटलं, मला दुसरीकडे जायचंच नाही. तो म्हणाला, ब्रुन्स मंडळींनी काल सही केली, स्टानेकांनी परवा, तुम्ही एकट्याच राहिलात. सगळे पॉइंटवर गेले की जुना आठवडा कोणाच्या कामाचा राहणार नाही.

सगळे जाणार आणि मी मागे राहणार, हे काही बरं नव्हे. काकाच्या विम्याचे पैसे पडूनच होते. सही करून दिली. त्याचा अख्खा सकाळचा वेळ माझ्यापायी गेला होता, म्हणून येताना घरून आणलेले कोलाचे, ते आपले गोड पाव, त्याला डबाभर दिले.

संध्याकाळी पत्त्यांना तीनऐवजी दोनच टेबलं लागली. लॉर्नाचं डोकं दुखत होतं. ऊनही फार होतं.

जेवत जा.
अर्डिसआत्या


पोल्सन, मॉन्टाना
रविवार, २३ ऑगस्ट २००९

आत्या,

तुझं पत्र आज हातात पडलं. पोस्टातली बाई ते कुठल्या तरी दुसऱ्या शेल्बीच्या खणात टाकून बसली होती. ती दुसरी शेल्बी एक ट्रक-ड्रायव्हर आहे, दाढीवाला, फार सज्जन. त्यानंच ते आणून दिलं आणि वर एक पोपट विकत घेतेस का म्हणून विचारलं. पोपटाला शिव्या येतात. पण तो विषय नाही.

विषय हा की मी पत्र वाचलं आणि बागेच्या कुंपणाला लाथ मारली. बूट फाटला.

आत्या, तू दर वर्षी मेन्टेनन्स म्हणून सातशेऐंशी डॉलर भरतेस. तूच मागे सांगितलं होतंस. बरोबर? आता ऐक. त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठाला, चौसष्ट डॉलरला चांगली स्वच्छ खोली मिळते. मी स्वतः राहिले आहे, दोन वर्षांपूर्वी, माझ्याकडे पैसे होते तेव्हा. सात रात्रींचे होतात चारशे अठ्ठेचाळीस. म्हणजे खोली फुकट मिळाली असती, काकानं एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीत एक दमडी मोजली नसती, तरीसुद्धा नुसत्या मेन्टेनन्समध्ये तू हॉटेलपेक्षा महाग पडतेस. मी गणितात नापास झालेली मुलगी आहे आणि मला हे कळतं. त्या ट्रेंटच्या कागदावर हॉटेलचं भाडं दर वर्षी वाढत होतं. मेन्टेनन्स वाढत होता का? लिहिला तरी होता का? एकशेसाठ हा आकडा त्यानं आणला कुठून? एकशेसाठमध्ये माणूस झुंबराखाली झोपतो.

आणि तू त्याला कोलाचे दिलेस. प्रूनचे की खसखशीचे? खसखशीचे असतील तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

तिथे पाच दिवसांच्या आत लेखी कळवलं की असली सही रद्द करता येते. इथे चेरी तोडणाऱ्यांत एकजण पूर्वी हेच विकायचा, त्यानं सांगितलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं म्हणे. तुझं पत्र मला मिळेपर्यंत तर पाच आठवडे गेले होते. फोन का करत नाहीस तू?

आणि त्या लॉर्ना ब्रुन्सचंही मला नवल वाटतं. बावीस वर्षं तुझ्याबरोबर पत्ते खेळते, आणि सही करायला जाताना एका शब्दानं सांगितलं नाही? तिनं तुझ्या आधी उडी मारली म्हणून तर तू मागे गेलीस.

पुढच्या महिन्यात मी बीटच्या कामाला मिनेसोटाच्या हद्दीवर जाते आहे. पत्ता मागे लिहिला आहे. फोन कर, किंवा निदान रागाव.

तुझी,
शेल्बी


विल्बर, नेब्रास्का
शुक्रवार, ९ ऑक्टोबर २००९

प्रिय शेल्बी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग एक महिना ड्रॉवरमध्ये ठेवलं, कारण मला उलट काही लिहायचं नव्हतं. पैसे माझे होते. तू स्वतः कुठे झोपतेस ते सांगत नाहीस आणि मला हिशोब शिकवतेस. आम्ही तिथे स्वस्त पडतं म्हणून जातो असं तुला कोणी सांगितलं?

पण आता एक झालं आहे ते लिहिते. तक्रार करत नाही, कळवते आहे.

पुढच्या जुलैसाठी मी पॉइंटवाल्यांना फोन लावला. बराच वेळ बाजा वाजत राहिला. मग एक मुलगी म्हणाली, त्या आठवड्यात सीडर कोव्हमध्ये जागा नाही. मी म्हटलं, माझी खोली आहे ती, तळ्याकडची, पायरी मोडलेली. काकानं स्वतः दोनदा ठोकून दिली आहे. ती म्हणाली, बाई, आता कोणाची खोली असं काही नसतं. जुलैला पॉइंट जास्त लागतात, माझ्याकडे तेवढे नाहीत, आणखी विकत घेता येतील. नाहीतर फेब्रुवारीत मिळेल. नाहीतर नेवाडात वाळवंटातलं एक ठिकाण रिकामं आहे. फेब्रुवारीत ते तळं कसं दिसतं मला माहीत नाही. तिथे कोण असेल तेही माहीत नाही.

मग मी फोन ठेवला आणि तिला धन्यवाद म्हणायचं राहिलं, ते दिवसभर टोचत होतं.

लॉर्नाचं काही पत्र नाही. माझ्या वाढदिवसाला दर वर्षी येतं, या वर्षी आलं नाही. तू तिच्याबद्दल जे लिहिलंस ते आधी मला आवडलं नव्हतं. आता वाटतं, तिला जागा मिळाली असेल, म्हणून लिहायला लाजत असेल. तिलाच विचार म्हणशील, तर तसं आपण विचारत नाही. कोणी काय घेतलं, कितीला घेतलं, सही केली की नाही, हे आम्ही बावीस वर्षांत एकमेकांना कधी विचारलेलं नाही. आमच्यातल्या बेव्हर्लीचं शेत गेलं तेव्हासुद्धा नाही.

लॉर्नाला मी या वर्षी नाताळचं कार्ड पाठवणार नाही. एवढं ठरवलं आहे.

थंडी पडायला लागली आहे. तुझ्या बाबांचं जुनं जॅकेट हवं असेल तर सांग.

आत्या


ऑस्टिन, मिनेसोटा
मंगळवार, ३ नोव्हेंबर २००९

आत्या,

जॅकेट हवं आहे. आणि आता जे लिहिते ते बसून वाच.

बीटचं काम संपलं. कान अजून वाजतात. ढिगाऱ्यावर रात्रपाळीला होते, ट्रक येतात, बीट ओततात, वर चिखल उडतो. एकजण आमच्यात होता तो प्रत्येक ट्रकला नाव ठेवायचा आणि निरोप द्यायचा. असो. खाली यायला एका म्हाताऱ्या जोडप्यानं गाडीत घेतलं, आणि गाडी आयोवातून ब्रुन्सांच्या गावावरून जाणार होती. मी म्हटलं, मला तिथेच उतरवा, मी मागून बसनं परत वर येईन. माझ्या डोक्यात एवढंच होतं की त्या बाईच्या दारात जाऊन तिला चार शब्द ऐकवायचे.

दार तिनंच उघडलं. मी कोण ते सांगितलं. तिचा चेहरा असा झाला की जणू मीच काहीतरी चोरून नेलं होतं. तरी आत घेतलं, बूट काढायला लावले, हॅमचं सँडविच दिलं, वर रूबार्ब घातलेली गोड वडी. तुम्ही लोक माणसाचा गळा धरायच्या आधी त्याला खाऊ घालता. तिचा नवरा ग्लेन पलीकडच्या खोलीत टीव्ही बघत होता, त्यानं आवाज कमी केला, म्हणजे ऐकत होता.

मी सँडविच संपवलं आणि म्हटलं, माझ्या आत्याला तुम्ही सांगायला हवं होतं.

ती म्हणाली, "काय सांगायला हवं होतं?"

"की तुम्ही सही करताय. तुमचं बघून तिनं केली."

लॉर्ना उभीच राहिली. हातात फडकं होतं, ते तिनं सिंकवर पिळलं, कोरडंच होतं तरी पिळलं. मग म्हणाली, "आम्ही गुरुवारी केली. त्या मुलानं सांगितलं, अर्डिसनं बुधवारीच केली, तुम्ही दोघंच शिल्लक."

आत्या, तू तर शुक्रवारी सकाळी केलीस ना? पत्रात तसंच दिसतं आहे. म्हणजे गुरुवारी तू सही केलेलीच नव्हतीस. त्यानं तुझं नाव सांगून तिला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव सांगून तुला. स्टानेकांना कोणाचं नाव सांगितलं असेल? सगळ्यांना एकेकटं, वेगवेगळ्या खोलीत, पॅनकेक समोर ठेवून.

आणि त्याला हे जमलं कशामुळे सांगू? तुमच्या सभ्यपणामुळे. त्याला पक्कं ठाऊक होतं की संध्याकाळी तुम्ही सगळे त्याच तीन टेबलांवर बसणार, एकमेकांचे पत्ते डोळ्यांनी शोधणार, आणि कोणी कोणाला तोंडानं विचारणार नाही. बारा घरं. एकानं जरी म्हटलं असतं की काय गं, तू केलीस का सही, तर त्या पोराला रात्रीच पळून जावं लागलं असतं. त्या दिवशी लॉर्नाचं डोकं दुखत नव्हतं. ती तुझ्यावर चिडून खोलीत बसली होती, आणि तिकडे तू म्हणतेस ऊन फार होतं.

तिलाही जुलै मिळालेला नाही. फेब्रुवारी आणि नेवाडा, तेच.

मी निघताना तिनं विचारलं, अर्डिस बरी आहे का. मी म्हटलं, फोन करून विचारा. ती म्हणाली, इतके महिने गेले, आता कसं करायचं. ग्लेन आतून ओरडला, "नंबर दाबायचा, लॉर्ना."

मी खूप रागावले आहे. त्या पोरावर, त्या कंपनीवर आणि थोडी तुमच्यावरही.

शेल्बी


विल्बर, नेब्रास्का
सोमवार, ३० नोव्हेंबर २००९

शेल्बी,

तुझं पत्र आलं आणि मी कोटही न काढता फोनजवळ बसले.

आधी लॉर्नाला लावला. दोघी आधी थंडीबद्दल बोललो. मग मी तिला विचारलं, किती दिलेस. तिनं आकडा सांगितला. मीही माझा सांगितला. शेल्बी, माझ्या आईनं मला कपड्यांवाचून रस्त्यावर पाहिलं असतं तरी एवढी शरम वाटली नसती. आणि मग वाटलीच नाही.

त्यानंतर बाकीच्या दहांना लावले. सगळ्यांना विचारलं. स्टानेकांना सांगितलं होतं की ब्रुन्स आणि मी आधीच गेलो. पॉस्पिशिलांना सांगितलं की स्टानेक गेले. रे वॅग्नरला तर असं सांगितलं की मी त्याची वाट बघते आहे, मला एकटीला अवघडल्यासारखं वाटतं आहे. माझं नाव घेऊन. मी ज्या मुलाला माझ्या हातचं खायला दिलं त्यानं. नऊ घरांनी सह्या केल्या. आणखी दोन घरांनी केल्या पण नाव घेऊ नको म्हणाले, म्हणून घेत नाही. राहिला एकटा हर्मन श्रोडर, कारण तो नाश्त्याला गेलाच नाही. मासे सकाळीच लागतात, म्हणाला. त्याला वाटतंय आम्ही सगळे त्याला न सांगता निघून गेलो, आणि तेव्हापासून तो बायकोशीही धड बोललेला नाही.

कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं, सही आपली आहे, मुदत संपली आहे, आपल्या सहलीला शुभेच्छा. मी राज्याच्या वकिलांच्या कचेरीत तक्रार पाठवली आहे, अकरा घरांच्या सह्यांनिशी. ते पैसे परत येतील असं मला वाटत नाही. मी त्याबद्दल आता रात्री जागत नाही.

तू तळ्याच्या पलीकडच्या खोल्यांबद्दल लिहिलं होतंस. चौसष्ट. ते खरं होतं की रागात लिहिलंस?

आत्या


हॉलिस्टर, मिझुरी
मंगळवार, २ मार्च २०१०

आत्या,

रागात लिहिलं होतं, पण खरं होतं. आता एकोणसत्तर झाले आहेत. टेक्सासला कांद्याच्या कामाला जाता जाता वाट वाकडी करून मी इथे उतरले आणि स्वतः बघून आले. मालकीण मिसेस भक्ता. तिचा नवरा छतावर काहीतरी ठोकत होता आणि ती खालून सांगत होती की चुकीच्या जागी ठोकतोयस. मला ती एकदम आपल्यातली वाटली.

तिला मी सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाच तोंड घातलं: त्या रिसॉर्टमधल्या खोल्या जुलैमध्ये कंपनी इंटरनेटवर रोजच्या भाड्यानं देते. तुझी खोलीसुद्धा. तिनं संगणकावर दाखवली मला. आत्या, तळ्याकडची, तीच पायरी. तुला 'जागा नाही' आणि रस्त्यावरच्या कोणालाही रात्रीला एकशेदहा. एकशेसाठ नाही, एकशेदहा. म्हणजे तुमच्या त्या ट्रेंटनं स्वतःच्या रिसॉर्टचं भाडंही खरं सांगितलं नाही. मी तिथेच खुर्चीत बसले. मिसेस भक्तानं चहा दिला, त्यात काहीतरी तिखट होतं.

तर जुलैच्या त्या आठवड्यासाठी तिच्याकडे चौदा खोल्या आहेत. अकरा मी धरून ठेवायला सांगितल्या आहेत. महिन्याअखेरपर्यंत आगाऊ मागत नाही म्हणाली. तिथे बाहेर झाडाखाली लांब टेबलं आहेत. तळं थोडं लांब दिसतं, मान वळवावी लागते. पण हर्मन श्रोडरची सीडर कोव्हमधली जागा अजून त्याचीच आहे, आणि त्याच्या धक्क्यावर पाहुणे येऊन बसले तर कोणाच्या बापाला काही म्हणता येणार नाही.

मला धन्यवाद देऊ नकोस, मला कसंतरी होतं. टेक्सासचा पत्ता नंतर कळवते.

शेल्बी


हॉलिस्टर, मिझुरी
शुक्रवार, १६ जुलै २०१०

प्रिय शेल्बी,

सगळे आले. अकरा घरं इथे आणि श्रोडर तिकडे. पहिल्या संध्याकाळी हर्मन नावेतून आला, दोरी बांधली, आणि प्रत्येकाजवळ जाऊन विचारलं की तुम्ही खरंच मला सोडून गेला नव्हता ना. ऐंशी वर्षांचा माणूस. बेव्हर्लीला रडू आलं आणि तिनं ते कांद्यावर ढकललं. कांदा कोणीच चिरत नव्हतं.

आता कालचं सांगते, कारण ते तू माझ्याकडूनच ऐकायला हवंस. लॉर्ना तिखटमीठ लावून लिहील.

कंपनीच्या कागदावर मी अजून मालक आहे. मेन्टेनन्स मागायला त्यांना माझा पत्ता बरोबर सापडतो. तर नाश्त्याचं आमंत्रणही आलं. मी गेले. बरोबर लॉर्ना. निळा ड्रेस घातला होता, चर्चचा. ट्रेंट आता तिथे नाही, दुसरा होता, केसांना काहीतरी लावलेला. आम्हाला दोघींना त्यांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं. लॉर्नानं माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

मुलानं माझं ताट आणून दिलं. मी हात लावला नाही. शेल्बी, समोर वाढलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा टाकलं. तो कागद काढून हॉटेलचं भाडं लिहायला लागला, या वर्षी त्यांनी एकशेनव्वद धरलं आहे. आणखी पॉइंट घेतले तर जुलै मिळेल म्हणाला. मी विचार करते म्हटलं. तेव्हा तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "त्या पलीकडच्या टेबलावरच्या मिसेस ब्रुन्सनी आत्ताच हो म्हटलंय."

लॉर्ना माझ्याकडेच बघत होती. तिच्यापाशी कोणी अजून आलंसुद्धा नव्हतं.

मी उभी राहिले. खोलीत तीसएक माणसं असतील, कॅन्ससची, आर्कान्सासची, बरोबर लहान मुलं, मी एकालाही ओळखत नव्हते. मी मोठ्यानं विचारलं, "लॉर्ना, तू सही केलीस का?"

ती म्हणाली, "नाही. तू?"

"नाही. आणि मागच्या वर्षी मी नऊ हजार चारशे दिले, काकाच्या विम्याचे, आणि तेव्हापासून मला माझी खोली मिळालेली नाही." मग मी त्या अनोळखी लोकांकडे वळले आणि म्हटलं, तुम्हाला कोणाचं नाव सांगितलं असेल तर तो माणूस याच खोलीत आहे का ते बघा, आणि असला तर विचारा. किती दिलेत तेही विचारा. तो सांगेल, त्याला बरंच वाटेल.

मुलगा मला म्हणाला, बाई, बसून घ्या. मी म्हटलं, मी सदुसष्ट वर्षं बसून घेतलं.

सगळी खोली माझ्याकडे वळली. चर्चमध्ये कोणाचं तरी मूल ओरडलं की वळते तशी. मला वाटलं, झालं, मी उगाच स्वतःची शोभा केली, आता पर्स उचलावी आणि निघावं. मग खिडकीजवळचा एक टोपीवाला शेतकरी, त्यानं मागच्या टेबलाकडे मान वळवली आणि संकोचत विचारलं, तुम्ही टोपेकाचेच ना? तुम्ही काल सही केलीत असं आम्हाला सांगितलं. मागचा माणूस म्हणाला, आम्ही तर आजच आलो.

दारापाशी एक तरुण जोडपं बसलं होतं. मुलीच्या मांडीवर बाळ होतं, नवऱ्यापुढे कागद पसरलेले, तो शेवटच्या पानावर आला होता. ती माझ्याकडे बघत होती. तिनं बाळ एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या बोटांतलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं, आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

आत्या